अडतीस नंबर

बूट सव्वीस जोड, पोरं एकेचाळीस.
केरिओच्या खोऱ्यावर, कड्याच्या अगदी काठाला
पत्र्याच्या दोन खोल्या, पाण्याची एक टाकी,
आणि बाभळीच्या रानात शिरणारी लाल वाट.
माझ्याकडे कोठीची किल्ली आणि बुटांची वही.

पहिल्या रात्री जेवताना
पोकोट पोरं भिंतीला टेकून, मराक्वेत दाराशी,
तुर्कानाची चौघं मधोमध, आपापल्या ताटात बघत.
उगाली एकाच पातेल्यातली.
कोच एबेई म्हणाला, "आधी धावून दमा.
दमलेल्याला भांडायला श्वास उरत नाही."
खोटं ठरलं ते.
दुसऱ्याच सकाळी, चढ संपता संपता,
दोघं भांडले, उरलेल्या श्वासावर.

मी वहीत जमात लिहिली नाही.
एकेकाला पुठ्ठ्यावर उभं केलं
आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेन्सिल फिरवली.
अडतीस नंबर : जेलागाट.
अडतीस नंबर : चेपोसेरा.
जोड एकच.
एकीनं सकाळी घालायचा, एकीनं संध्याकाळी.

जेलागाटच्या घरच्या अकरा गाई
एका रात्री नदी ओलांडून गेल्या.
चेपोसेराचा मामा
एका रात्री नदी ओलांडून गेला, तो आलाच नाही.
नदी तीच. रात्र कुठली, ते मी कुणालाच विचारलं नाही.

"तिचा घाम आहे आत," चेपोसेरा म्हणाली,
बूट हातभर लांब धरून.
"मग अनवाणी जा. काटे आहेत, बघ बाई."
गेली.
तीन संध्याकाळी गेली.
चौथ्या संध्याकाळी लंगडत आली,
टाचेत बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा.
मी पिन तापवली. वीज गेलेली.
बॅटरी धरायला जवळ कुणी नव्हतं,
जेलागाट होती.
काटा निघेपर्यंत दोघी एका अक्षरानं बोलल्या नाहीत.
उजेड मात्र जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बुटात, टाचेच्या जागी,
फडक्याची घडी होती.
परवा सकाळी तोच बूट जेलागाटला मिळाला
तळव्याचा चिखल काडीनं खरवडलेला.

पहिलं बोलणं झालं ते तक्रारीचं.
"गाठ केवढी घट्ट मारतेस, दातांनी सोडवावी लागते."
"आणि तू टाच चिरडून पाय घालतेस, म्हशीसारखा."
मग रोज टाकीपाशी हेच.
मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.
वहीत तसा रकाना नाही.

शेवटच्या दिवशी शर्यत.
आईबाप दोन लॉऱ्यांतून आले,
मैदानाच्या दोन टोकांना उतरले.
शर्यत एकच, जोड एकच.
मी विचारायला गेले तर
बूट टाकीच्या कट्ट्यावर, शेजारी शेजारी,
आणि दोघी अनवाणी, रेघेवर.
कुणी ठरवलं, कधी ठरलं, मला माहीत नाही.
एक नववी आली, एक चौदावी.
टाळ्या जिंकणाऱ्यांना पडल्या.
मी बूट धुऊन आत कागद कोंबला,
कोठीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

डिसेंबरात पुन्हा गोळ्या झाल्या.
खोऱ्यातला रस्ता बंद. एबेई म्हणतो,
पुढच्या वर्षीचं आत्ताच बोलू नका.
काल फोन आला. खरखर फार होती.
चेपोसेरा ओरडून विचारत होती,
"बूट आहे ना? कुणाला देऊ नका."
म्हटलं, आहे.
"माझा पाय वाढलाय."
म्हटलं, वाढणारच.
थोडा वेळ नुसती खरखर.
"तिचाही वाढला असेल का? तेवढाच?"

फोन तुटला. मी वही काढली,
अडतीस खोडलं नाही.
शेजारी, पेन्सिलीनं, पुसता येईल असं,
एकोणचाळीस लिहिलं.
जोड : एक.